पारख आणि डागडुजी

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं आमच्या घरचें वाटणयंत्र, म्हणजे ज्याला घरोघर ‘मिक्सर’ म्हणतात तें, खोबऱ्याची चटणी वाटतां वाटतां एकाएकीं बंद पडलें. तें घेऊन तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं; हमीची मुदत मात्र केव्हांच उलटली होती. ज्या कारखान्याचें तें यंत्र होतें त्याच्या अधिकृत दुरुस्तीकेंद्रांत आम्ही तें घेऊन गेलों. तेथील गृहस्थांनीं तें उघडून न पाहतांच निकाल दिला कीं, मोटर जळाली आहे. नवी बसविण्यास जो खर्च येईल त्यांत थोडी भर घातली तर नवें यंत्रच येईल. आणि जुनें परत केल्यास कांहीं सूटहि मिळेल. हा सल्ला आम्हीं मानलाहि असता. परंतु परततांना वाटेंत तपकीर गल्ली लागली, आणि तेथें एका अरुंद दुकानांत पंखे व मिक्सर उघडून बसलेले एक वृद्ध कारागीर दिसले. त्यांनीं यंत्र पालथें घातलें, चार स्क्रू काढले, आंत एकवार बॅटरीचा उजेड टाकला आणि म्हणाले, “सर, मोटर ठणठणीत आहे. कार्बन झिजलेत, एवढेंच.” दहा मिनिटांत त्यांनीं कार्बनची जोडी बदलली आणि यंत्र पूर्ववत् गुरगुरूं लागलें. पैसे घेतांना त्यांनीं आणखी सांगितलें, “ह्याचें वाइंडिंग चांगलें तांब्याचें आहे, पण कपलर हलका आहे, तो वर्षा-दोन वर्षांत जाईल. गेला कीं माझ्याकडे या, नवें घेऊं नका.”

घरीं येतांना आमच्या मनांत विचार आला कीं, या कारागिरानें वस्तुतः दोन कामें केलीं. एक तर त्यानें वस्तु दुरुस्त केली. आणि दुसरें, तिचें परीक्षण केलें. तिच्यांत चांगलें काय आणि वाईट काय, हें त्यानें दोन वाक्यांत कोणाचीहि भीड न धरतां सांगितलें. वस्तु विकणाराला तेंच ज्ञान नव्हतें असें नाहीं. तें सांगणें त्याच्या सोयीचें नव्हतें. पारख आणि डागडुजी हीं दोन कामें आज आपण अगदीं निराळीं समजतों. पारख करणारे वेगळे, दुरुस्ती करणारे वेगळे, आणि दोघांचीहि गांठ न पडतां वस्तु विकत घेणारे आपण वेगळे. ही फारकत केव्हां व कशी झाली, आणि ती भरून काढण्याचे कोणते यत्न झाले, याचा इतिहास आमच्या मतें राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच बोधप्रद आहे. आणि तो आपल्या स्वयंपाकघराशीं अधिक जवळचा आहे.

आपल्याकडील जुन्या गांवगाड्यांत ही फारकत नव्हती. नांगर करणारा सुतार आणि नांगर मोडल्यावर तो नीट करणारा सुतार एकच. त्याचें बलुतें तो दर सुगीला धान्यरूपानें घेत असे. नगावर मजुरी नसे. त्यामुळें नांगर वारंवार मोडला तर गांवाचें नुकसान होईच, पण सुताराचेंहि काम फुकट वाढे. वस्तु टिकाऊ करण्यांत करणाराचाच स्वार्थ होता. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. तिच्यांत जातीची बेडी होती, आणि सुतार आवडला नाहीं म्हणून शेतकऱ्यास दुसरा निवडण्याची मोकळीक क्वचितच असे. परंतु एक गोष्ट खरी कीं, वस्तूचे गुणदोष लपून राहण्यास त्या व्यवस्थेंत जागाच नव्हती. बाजारपेठेच्या गांवांतहि घागर घेतांना ती वजन करून घेत, मडकें वाजवून घेत, आणि फुटकें भांडें मोडीत घालून नव्याची किंमत कमी करून घेत. तांबटाला आपल्या हातचा डाग दहा वर्षांनीं पुन्हा आपल्याच पुढें येणार आहे हें माहीत असे. डोळा, कान आणि हात हीं पारख करण्याचीं तीन साधनें प्रत्येक गृहिणीजवळ होतीं, आणि वस्तूंचें स्वरूपच असें होतें कीं, तीं साधनें पुरेशीं होतीं.

यंत्रयुगानें हें सर्व बदललें असा सामान्य समज आहे. तो अर्धाच खरा आहे. यंत्रयुगाच्या पहिल्या शतकानें दुरुस्तीचा मार्ग उलट मोकळा केला. सन १७८५ सालीं पॅरिस येथें ऑनोरे ब्लँक नांवाच्या शस्त्रकारानें अमेरिकेचे वकील टॉमस जेफर्सन यांस बंदुकीच्या चापाचे सुटे भाग एका ढिगांतून कोणतेहि उचलून जोडण्यास दिले, आणि ते बिनचूक जुळले. जेफर्सन यांनीं स्वदेशीं पत्र लिहून या पद्धतीचा जो फायदा सांगितला तो हाच कीं, बंदूक बिघडल्यास ती सहज दुरुस्त करतां येईल. पुढें सन १८४१ मध्यें इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं स्क्रूच्या आट्यांचें एक समान माप सुचविलें. तोंपर्यंत प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीप्रमाणें आटे पाडीत असे. एका कारखान्याचा स्क्रू हरवला तर दुसऱ्याचा बसत नसे. व्हिटवर्थ यांनीं निरनिराळ्या कारखान्यांचे स्क्रू जमविले, त्यांची सरासरी काढली, आट्याचा कोन पंचावन्न अंश ठरविला, आणि हळूहळू सर्व देशानें तो मान्य केला. सन १८६४ मध्यें अमेरिकेंत विल्यम सेलर्स यांनीं साठ अंशांचा आटा सुचविला, आणि दोन देशांत दोन मापें झालीं. दुसऱ्या महायुद्धांत दोस्त राष्ट्रांस या भेदाचा इतका त्रास झाला कीं, सन १९४८ मध्यें अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनीं एकत्र बसून एकच माप ठरविलें. एका स्क्रूसाठीं तीन राष्ट्रांनीं करार करावा ही गोष्ट कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु ज्याच्या हातांत उघडलेलें यंत्र आणि न बसणारा स्क्रू आहे त्याला ती हास्यास्पद वाटणार नाहीं.

या मोकळ्या यंत्रविद्येचे दोन नमुने आपल्या आजोळच्या घरीं वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. पहिला नमुना शिवणयंत्राचा. त्याची वादी तुटली तर ती कोणीहि बसवी. बॉबिन, सुई, दांते हे सर्व भाग उघड्यावर असत, आणि तेलाचीं भोंकें कोठें आहेत हें घरांतील दहा वर्षांच्या मुलीसहि ठाऊक असे. दुसरा नमुना रॉकेलच्या स्टोव्हचा. सन १८९२ च्या सुमारास स्टॉकहोम येथें फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनीं बिनवातीचा, दाबाचा स्टोव्ह काढला. तो ‘प्रायमस’ या नांवानें जगभर गेला. त्याची पिन, त्याचा वॉशर आणि बर्नर हे भाग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांतहि मिळत. आमचे वडील दर रविवारीं सकाळीं स्टोव्ह उघडून बसत, आणि त्या दिवशींचा पहिला चहा हमखास उशिरा होई. या दोन्ही यंत्रांचें वैशिष्ट्य हें कीं, तीं आपलें अंतरंग मालकापासून लपवीत नसत. म्हणून त्यांची पारख करण्यास वेगळ्या संस्थेची गरज नव्हती.

गरज उत्पन्न झाली ती विजेच्या वस्तूंबरोबर. विजेचा दिवा वाजवून पाहतां येत नाहीं. तो शंभर तास जळेल कीं दोन हजार, हें कांचेकडे पाहून सांगतां येत नाहीं. आणि विझल्यावर तो उघडून नीटहि करतां येत नाहीं. अशा वस्तूच्या बाबतींत काय घडूं शकतें याचें उदाहरण लवकरच मिळालें. सन १९२४ च्या डिसेंबरांत जिनीव्हा येथें जर्मनीची ऑसराम, हॉलंडची फिलिप्स, फ्रान्सची कोंपाञी दे लांप, हंगेरीची तुंग्सराम इत्यादि दिवे करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीं एक संघ स्थापिला. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक स्वतः त्यांत नव्हती, परंतु तिच्याशीं संबद्ध अशा परदेशी कंपन्यांच्या द्वारें तिचा हात त्यांत होता. ग्रीकांच्या सूर्यदेवाचें ‘फीबस’ हें नांव संघानें घेतलें. बाजाराची वांटणी करणें हा त्याचा एक उद्देश होता. आणि दिव्याचें आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवणें हा दुसरा. तत्पूर्वीं दीड ते दोन हजार तास जळणारे दिवे बाजारांत होते.

यापुढील भाग आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो. सभासद कंपन्यांनीं आपल्या दिव्यांचे नमुने स्वित्झर्लंडमधील एका मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे नियमानें पाठवावे, तेथें ते जाळून त्यांचें आयुष्य मोजावें, आणि ज्यांचे दिवे ठरलेल्या मर्यादेपेक्षां फार अधिक जळतील त्या कंपनीस स्विस फ्रँकांत दंड करावा, अशी रचना होती. दंडाची रीतसर कोष्टकें होतीं. संघाच्या दिव्यांचें सरासरी आयुष्य सन १९२६ मध्यें सुमारें १८०० तास होतें, तें सन १९३३-३४ च्या सुमारास सुमारें १२०० तासांवर आलें. एवंच, घरगुती वस्तूंचें काटेकोर, शास्त्रशुद्ध आणि नियमित परीक्षण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चालू होतें. परंतु त्याचे निष्कर्ष दिवा विकत घेणाऱ्यास कळत नसत, आणि टिकाऊपणा हा त्या परीक्षेंत दोष समजला जाई. ज्ञान कोणाच्या हातीं आहे, आणि तें कोणासाठीं वापरलें जातें, याला केवढें महत्त्व आहे हें यावरून दिसेल. युद्ध पेटल्यावर हा संघ मोडला. त्याचे कागद पुढें हळूहळू उजेडांत आले.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. दिव्यांतील तार जितकी अधिक तापेल तितका प्रकाश अधिक शुभ्र व स्वस्त पडतो. परंतु तितकी ती लवकर तुटते. विजेचा दाब शेंकडा पांचनें कमी केला तर दिव्याचें आयुष्य जवळजवळ दुप्पट होतें, पण प्रकाश सुमारें एकषष्ठांश घटतो. कॅलिफोर्नियांत लिव्हरमोर या गांवच्या अग्निशामक ठाण्यांत सन १९०१ पासून जळत असलेला एक दिवा प्रसिद्ध आहे. त्याचें कौतुक करणारे लोक हें सांगावयास विसरतात कीं, तो आतां सुमारें चार वॅटचा निस्तेज तांबूस उजेड देतो. त्याखालीं वर्तमानपत्र वाचतां येणार नाहीं. ब्रिटिश सरकारनें नेमलेल्या मक्तेदारी-चौकशी मंडळानें सन १९५१ च्या आपल्या अहवालांत याच कारणानें असें मत दिलें कीं, सर्व परिस्थितींत योग्य असें दिव्याचें एकच आयुष्य ठरवितां येत नाहीं. हजार तास ही एक तडजोड आहे. हें म्हणणें आम्हांस पटतें. परंतु तडजोड करावयाची तर ती वीज स्वस्त कीं दिवा स्वस्त, हें पाहून घरमालकानें करावयाची. जिनीव्हांतील बंद दालनांत कोणीं दंडाच्या जोरावर ती करावी हें पटत नाहीं. फीबस-संघाचा खरा अपराध हजार तासांचा नसून गुप्ततेचा आहे.

त्याच सुमारास अमेरिकेंत याच्या उलट दिशेचा एक यत्न सुरू झाला. सन १९२७ सालीं अर्थशास्त्रज्ञ स्टुअर्ट चेस आणि अभियंता एफ. जे. श्लिंक यांनीं ‘युअर मनीज् वर्थ’ हें पुस्तक लिहिलें. श्लिंक यांनीं पूर्वीं अमेरिकन सरकारच्या मापन-प्रमाण कार्यालयांत नोकरी केली होती. तेथें सरकार स्वतःच्या खरेदीसाठीं साबण, रंग, दिवे इत्यादि पदार्थ तपासून घेत असे. परंतु ज्या नागरिकांच्या कराच्या पैशावर ही तपासणी चाले त्यांस तिचे निष्कर्ष मिळत नसत. सरकारास जें ज्ञान आहे तें गृहिणीस कां नसावें, हा त्या पुस्तकाचा साधा प्रश्न होता. पुस्तकाचा खप प्रचंड झाला, आणि पत्रें इतकीं आलीं कीं, श्लिंक यांनीं न्यूयॉर्कजवळील व्हाइट प्लेन्स येथें आधींच चालविलेल्या एका लहान ग्राहकमंडळाचें सन १९२९ मध्यें ‘कन्झ्यूमर्स रिसर्च’ या संस्थेंत रूपांतर झालें.

पुढील हकीकत मनुष्यस्वभावावर प्रकाश पाडणारी आहे. दुसऱ्यांच्या मालाचे दोष निर्भीडपणें सांगणाऱ्या या संस्थेंत सन १९३५ मध्यें नोकरांनीं आपला संघ काढला, तेव्हां चालकांस तो सोसला नाहीं. कांहीं जणांस काढून टाकण्यांत आलें आणि संप झाला. संपवाल्यांनीं सन १९३६ मध्यें आर्थर कॅलेट यांच्या पुढाकारानें ‘कन्झ्यूमर्स युनियन’ ही नवी संस्था स्थापिली. ॲमहर्स्ट कॉलेजांतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक कोल्स्टन वॉर्न हे तिचे अध्यक्ष झाले, आणि सन १९७९ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षें, त्यांनीं तें पद सांभाळलें. तिच्या मासिकाचा पहिला अंक सन १९३६ च्या मे महिन्यांत निघाला. त्यांत दूध, साबण, पायमोजे असल्या नित्याच्या पदार्थांचें परीक्षण होतें. तिनें दोन नियम आरंभापासून पाळले. पहिला, मासिकांत कोणाचीहि जाहिरात घ्यावयाची नाहीं. दुसरा, तपासणीचा नमुना कारखान्याकडून मागावयाचा नाहीं, तर सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणें दुकानांत जाऊन रोख पैशानें विकत घ्यावयाचा. या दोन नियमांत परीक्षणाचा सगळा नीतिधर्म आला आहे असें आम्हांस वाटतें. त्याची किंमतहि संस्थेस द्यावी लागली. जाहिरातींवर जगणाऱ्या अनेक पत्रांनीं तिची स्वतःची जाहिरात छापण्याचें नाकारलें, आणि राजद्रोही मंडळींच्या एका सरकारी यादींत तिचें नांव सन १९५४ पर्यंत राहिलें. वाईट साबणास वाईट म्हणणें हें कांहींच्या दृष्टीनें राज्य उलथून टाकण्यासारखेंच होतें!

अमेरिकेतील हें बीज युद्धानंतर युरोपांत रुजलें. सन १९५७ मध्यें लंडनच्या बेथनल ग्रीन या गरीब वस्तींत एका जुन्या मोटारखान्यांत मायकेल यंग यांच्या मंडळानें ‘विच्?’ या नांवाचें पत्र काढलें. पहिल्याच अंकांत विजेच्या किटल्या तपासल्या होत्या. वस्तूचें नांव घेऊन दोष सांगितला तर बदनामीचा दावा लागेल अशी कायदेपंडितांची भीति होती. परंतु जें छापिलें तें मोजून छापिलें असल्यामुळें पत्र तगलें. जर्मनींत हें काम राज्यानेंच अंगावर घेतलें. तेथील लोकसभेच्या ठरावावरून सन १९६४ मध्यें बर्लिन येथें ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ ही संस्था स्थापन झाली, आणि सन १९६६ च्या तिच्या पहिल्या अंकांत शिवणयंत्रांची परीक्षा होती.

आतां आपल्याकडे वळूं. स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत आपला प्रश्न निराळा होता. माल थोडा, परवाने मोजके, स्कूटरसाठीं वर्षानुवर्षें नांव नोंदवून वाट पाहावयाची. अशा स्थितींत दोन वस्तूंपैकीं बरी कोणती, हा प्रश्न पडण्यास मुळांत दोन वस्तु असाव्या लागतात! म्हणून पारख करण्याची विद्या आपल्याकडे मागें राहिली, आणि डागडुजीची विद्या मात्र अशी वाढली कीं, तिला तोड नाहीं. मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्यांत तपकीर गल्लींत काय, रेडिओपासून पंख्यापर्यंत कोणतीहि वस्तु पुन्हा उभी करणारे कारागीर या टंचाईनें घडविले. तथापि पारखीचा आरंभहि महाराष्ट्रांतच झाला ही अभिमानाची गोष्ट आहे. सन १९६६ मध्यें मुंबईंत कांहीं गृहिणींनीं मिळून ‘कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था काढली. तिनें वस्तूंच्या तपासणीचें काम हातीं घेतलें आणि ‘कीमत’ नांवाचें नियतकालिक चालविलें. सन १९७४ मध्यें पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, आणि पुढच्याच वर्षीं मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारच्या कुटुंबांनीं एकत्र येऊन चांगला माल ठोक घ्यावयाचा व वांटून घ्यावयाचा, ही तिची पद्धति. सन १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागें अशा चळवळींचें बळ होतें.

सन १९९१ नंतर बाजार उघडला, मालाचा पूर आला, आणि पूर्वीच्या उलट स्थिति झाली. निवड करावयास वस्तु अनंत. परंतु जुनी नीट करणारा शोधून सांपडेना. खटके लावून बंद केलेल्या पेट्या, डिंकानें चिकटविलेल्या बॅटऱ्या, आणि नेहमींच्या पेचकसानें न फिरणारे चमत्कारिक डोक्यांचे स्क्रू हे प्रकार सर्रास आले. व्हिटवर्थ यांनीं सर्व कारखान्यांचे स्क्रू गोळा करून एक माप काढलें त्याला पावणेदोनशें वर्षें उलटून गेलीं. आतां एकेका कारखान्यानें पुन्हा आपला निराळा स्क्रू काढावा हा उलटा प्रवास नव्हे काय? सन १९३२ मध्यें मंदीच्या ऐन भरांत न्यूयॉर्कच्या बर्नार्ड लंडन नांवाच्या गृहस्थांनीं एक पुस्तिका लिहून अशी सूचना केली होती कीं, सरकारनें प्रत्येक वस्तूचें आयुष्य कायद्यानें ठरवून द्यावें, आणि त्यानंतरहि ती वापरणारावर कर बसवावा, म्हणजे कारखाने चालू राहून बेकारी हटेल. त्या वेळीं कोणीं ती मनावर घेतली नाहीं. आज कर कोणी बसविलेला नाहीं. पण तीन वर्षांच्या मिक्सरवर दुरुस्तीकेंद्रांत जो खर्च सांगितला जातो तो या कराहून फारसा निराळा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

परीक्षणाची स्थितिहि विचार करण्यासारखी आहे. आज हातांतल्या फोनवर कोणत्याहि वस्तूचीं शेंकडों परीक्षणें क्षणांत उघडतां येतात. परंतु त्यांतील पुष्कळ परीक्षकांस वस्तु कारखान्याकडून फुकट आलेली असते, आणि पुढची यावी अशी त्यांची इच्छा असते. येथें आम्ही दुसऱ्यांस दोष देऊन मोकळे होऊं इच्छीत नाहीं. साहित्यिक मासिकांतून पुस्तकांवर अभिप्राय लिहिण्याचा उद्योग आम्हींहि पंचवीस वर्षें केला आहे. तीं पुस्तकें आम्हांस फुकटच येत, आणि लेखक बहुधा परिचयाचे असत. एखाद्या सामान्य कादंबरीस ‘आश्वासक’ म्हणून आम्हीं वेळ मारून नेली नाहीं असें छातीठोकपणें सांगवत नाहीं. म्हणून वॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाळलेले दोन नियम आम्हांस मोठे वाटतात. मनुष्य स्वभावतः प्रामाणिक असतो यावर त्यांनीं भिस्त ठेवली नाहीं; अप्रामाणिक होण्याचा प्रसंगच येऊं नये अशी तजवीज केली.

प्रामाणिक परीक्षणासहि एक मर्यादा आहे. प्रयोगशाळेंत येणारी वस्तु नवी असते. ती आज कशी चालते हें मोजतां येतें. पांच वर्षांनीं कशी चालेल हें पुष्कळदां येत नाहीं. ही उणीव ओळखून अमेरिकेतील त्याच संस्थेनें सन १९५० नंतरच्या दशकांत आपल्या वर्गणीदारांस दरसाल प्रश्नावली पाठवून, कोणत्या मोटारी किती वेळां व कशासाठीं दुरुस्त कराव्या लागल्या, याचीं कोष्टकें प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. येथें पारख आणि डागडुजी यांची पुन्हा भेट झाली. दुरुस्तीची नोंद हेंच सर्वांत खरें परीक्षण, हें तत्त्व त्यांत आहे. आणि तपकीर गल्लींतील आमचा कारागीर तेंच तत्त्व जाणत होता.

अलीकडे कायद्यानेंहि हा मार्ग धरला आहे. सन २००९ मध्यें ॲम्स्टरडॅम येथें मार्टिन पोस्टमा या बाईंनीं पहिलें ‘रिपेअर कॅफे’ भरविलें. शेजारीपाजारी आपल्या मोडक्या वस्तु घेऊन येतात, जाणते लोक फुकट शिकवितात, आणि चहा पितां पितां काम होतें. ही प्रथा आतां अनेक देशांत पसरली आहे. फ्रान्सनें सन २०२१ च्या जानेवारीपासून फोन, धुलाईयंत्र, दूरदर्शनसंच इत्यादि वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकीं गुण छापणें सक्तीचें केलें. वस्तु उघडण्यास किती सोपी, सुटे भाग किती वर्षें मिळतील, त्यांची किंमत काय, यांवर ते गुण ठरतात. मात्र गुण कारखानदारानेंच स्वतःस द्यावयाचे, ही त्यांतील मेख आहे. विद्यार्थ्यांनीं आपल्याच उत्तरपत्रिका तपासाव्या तसें हें झालें, आणि त्यावर टीकाहि पुष्कळ झाली. सन २०२४ मध्यें युरोपीय संघानें दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र निर्देश संमत केला. आपल्याकडे सन २०२२ च्या जुलैमध्यें केंद्र सरकारनें या विषयावर समिति नेमली, आणि त्याच वर्षीं २४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहकदिनीं, शेतीचीं अवजारें, फोन व इलेक्ट्रॉनिक वस्तु, घरगुती उपकरणें आणि मोटारी या चार वर्गांसाठीं दुरुस्तीची माहिती एकत्र देणारें संकेतस्थळ उघडलें. आरंभ चांगला आहे. परंतु माहिती देणें न देणें कारखानदाराच्या मर्जीवर राहिलें तर त्याचा उपयोग बेताचाच होईल.

कायदे होतील तेव्हां होतील. आमच्या मनांत सल आहे तो निराळा आहे. वडिलांची एक वही आमच्याजवळ आहे. घरांत आलेल्या प्रत्येक उपकरणास त्यांनीं त्या वहींत एक पान दिलें होतें. घेतल्याची तारीख, किंमत, आणि त्याखालीं प्रत्येक दुरुस्तीची नोंद. वॉशर बदलला; वाल्व्ह गेला; पंख्याचें बुश नवें. रेडिओच्या पानावर तेवीस वर्षांच्या नोंदी आहेत. तो रेडिओ वडिलांच्या पश्चात् आम्हींच एका दिवाळींत भंगारवाल्यास देऊन टाकला. तो चालू होता. आम्हांस फक्त कपाटावर जागा हवी होती. इतिहासाचा अध्यापक म्हणून जुना कागद फेकून देणाऱ्यांवर आम्ही आजवर जी टीका केली ती स्वतःस लावून पाहण्याचें धैर्य आम्हांस आज होत आहे.

वाचकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, पुढील वस्तु घेतांना किंमतीबरोबर तीन प्रश्न विचारावे: ही उघडतां येते काय, हिचे सुटे भाग मिळतात काय, आणि आपल्या गांवांत ही नीट करणारें कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर दिवसेंदिवस कठीण होत आहे. आमच्या कारागिराचे दोन्ही मुलगे नोकरींत आहेत, आणि दुकान आपल्यामागें बंद होईल असें त्यांनीं सहज बोलतां बोलतां सांगितलें. त्या रात्रीं आम्हीं वडिलांची वही काढली, एक कोरें पान पाहिलें, आणि त्यावर मिक्सरची पहिली नोंद केली: कार्बनची जोडी बदलली, वाइंडिंग तांब्याचें, कपलर हलका, लक्ष ठेवावें.